वजिरालाही पद हवं

प्रश्न : ताई, कॉलेजात शिकणाऱ्या मुलीनं आग्रह केला म्हणून तिच्याबरोबर बसून ‘ट्विस्टेड’ हे इंग्रजी संगीत विडंबननाट्य पाहिलं. गोष्ट अल्लादिनचीच, पण दुष्ट वजीर जाफरच्या बाजूनं. आधी हसून पुरेवाट झाली आणि वजीर व त्याच्या बायकोच्या युगुलगीताला डोळे भरून आले. नंतर मात्र मन खात राहिलं. असं प्रत्येक खलनायकाला साधू ठरवलं, तर मुलांना बरं-वाईट कळायचं कसं? आणि दुसऱ्याच्या गोष्टीची अशी मोडतोड करायला मुभा असते का?
(एक आई)

उत्तर : तुमचे डोळे नेमके युगुलगीताला भरले, तिथूनच सुरुवात करते.

संगीत नाटकांना मी बरीच वर्षं ऑर्गनची साथ केली. एका नाटकात कपटी मामाचं काम करणाऱ्या नटाचा गळा फार गोड होता. दिग्दर्शकांना मोह झाला आणि त्यांनी त्याला दुसऱ्या अंकात दोन ओळींचं पद दिलं. पहिल्या प्रयोगाला तो पंचमावर थांबला आणि हलकेच खाली उतरला. मामा दिसला की चुळबुळणारं, कुजबुजणारं थिएटर एकदम गप्प. पुढच्या प्रवेशात नायकानं मामाचा पाणउतारा केला, तर टाळी पडायची ती पडलीच नाही. तिसऱ्या प्रयोगानंतर पद काढावं लागलं, कारण सगळं नाटकच उलटायला लागलं होतं. तेव्हापासून माझी खात्री आहे की पद ज्याला, प्रेक्षक त्याचा. संवाद आपण तोलून ऐकतो. गाणाऱ्याच्या श्वासाबरोबर मात्र आपला श्वास लागतो.

आता 1992 चा ‘अल्लादिन’ चित्रपट आठवा. अल्लादिनला गाणं आहे, दिव्यातल्या जिनीला आहे, राजकन्येला युगुलगीत आहे. जाफरला काय? अल्लादिन राजपुत्र बनून मिरवत येतो त्या गाण्याची, शेवटाकडे येणारी छोटीशी कुत्सित आवृत्ती. स्वतःची चालच नाही त्याला. ‘विझर्ड ऑफ ऑझ’ या 1939 च्या चित्रपटात हिरव्या चेहऱ्याची चेटकीण तर एक ओळही गात नाही. तीच चेटकीण 2003 साली न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे रंगभूमीवर आलेल्या ‘विकेड’ या संगीत नाटकाची नायिका झाली. तिथे पहिल्या अंकाच्या अखेरीस ती गात गात उंच जाते, आणि प्रेक्षक तिच्या बाजूचे झालेले असतात. बाजू बदलण्याचं काम कथानकाइतकंच संगीतकारानंही केलेलं असतं. ‘ट्विस्टेड’ हे चित्रपटाच्या अल्लादिनचं विडंबन खरंच, पण त्याचा घाट ‘विकेड’चा आहे. शिकागोच्या टीम स्टारकिड या मंडळींनी 2013 च्या जुलैत ते रंगमंचावर आणलं आणि त्याच वर्षी त्याचं चित्रण इंटरनेटवर सगळ्यांसाठी मोफत खुलं केलं. चित्रपटात आला-गेला कळत नाही अशा राजपुत्र अहमदलासुद्धा त्यांनी, आपल्याला कोणी लक्षात ठेवत नाही, असं पद दिलंय!

खलनायकाला साधू ठरवण्याबद्दल. शीर्षकगीत पुन्हा एकदा लावा. जाफर खचलेला असतो आणि इतर गोष्टींमधले बदनाम खलनायक त्याच्याभोवती जमून आपापली बाजू मांडतात. प्रत्येकाला काही ना काही कारण आहे, आपणही माना डोलवू लागतो. मग ‘101 डाल्मेशियन्स’मधली क्रुएला येते. तिला फक्त कुत्र्याच्या पिल्लांच्या कातड्याचा कोट हवा होता. ते ऐकून बाकीचे खलनायकही हादरतात. माझ्या मते लेखकांनी तुमच्या शंकेचं उत्तर तिथेच दिलंय. बाजू ऐकून घेणं वेगळं आणि निर्दोष सोडणं वेगळं. बाजू सगळ्यांची ऐकली, पण क्रुएलाला सूट दिली नाही. तुमची मुलगी त्या ओळीला कशी हसली ते आठवा. बरं-वाईट तिला कळतं म्हणूनच हसली ना?

तरी तुमच्या अस्वस्थतेत तथ्य आहे, ते मला दुसऱ्या ठिकाणी दिसतं. वजिराला वर उचलण्यासाठी त्यांनी अल्लादिनला पार खाली ढकललंय. तो तेहतीस वर्षांचा, आयतोबा, चोर, शिवाय स्वतःच्या अनाथपणाचं भांडवल करणारा. हशा भरपूर मिळतो, पण मला ते कमी पडलं. चित्रपटानं जे जाफरचं केलं, तेच आता अल्लादिनचं झालं. ‘विकेड’मध्ये चेटकिणीची मैत्रीण ग्लिंडा उथळ असूनही माणूस राहते, म्हणून ते नाटक मला जास्त भिडतं. विडंबनात नायकाला थोडं तरी जपायला हवं होतं, असं मला मनापासून वाटतं.

आणि मूळ जाफर? हे सांगताना मला फार आनंद होतोय. मूळ अल्लादिनच्या गोष्टीत जाफर नाहीच! ती गोष्ट सीरियातल्या अलेप्पोच्या हन्ना दियाबनं 1709 मध्ये पॅरिसात, अरबी गोष्टी फ्रेंचमध्ये आणणाऱ्या आंत्वान गालांला सांगितली. ती घडते चीनमध्ये, त्यातला दुष्ट आफ्रिकेतून आलेला जादूगार आहे, आणि वजिराला नावही नाही. आपल्याकडे कृष्णशास्त्री चिपळूणकरांच्या ‘अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टीं’मुळे जो ओळखीचा झाला, तो जाफर म्हणजे खलिफा हारून अल रशीदबरोबर रात्री वेष पालटून बगदादभर हिंडणारा वजीर. दुष्ट जाफर 1940 च्या ‘थीफ ऑफ बगदाद’ चित्रपटानं पडद्यावर आणला आणि 1992 मध्ये तो अल्लादिनच्या गोष्टीत शिरला. खराखुरा जाफर बर्मकी हारूनचा जिवलग होता. 803 साली हारूननंच त्याचा शिरच्छेद करवला. म्हणजे चांगल्या माणसाची बदनामी आधी झाली आणि विडंबनानं ती काही अंशी धुऊन काढली. नकळत झालं असेलही, पण मला ते न्यायाचं वाटतं.

मुभेबद्दल थोडक्यात. अल्लादिनची जुनी गोष्ट कोणाच्या मालकीची नाही. चित्रपटाची थट्टा करायची तर, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं 1994 मध्ये एका विडंबनगीताच्या खटल्यात म्हटलंय की पैसे मिळवणारं विडंबनही रास्त वापरात, म्हणजे मालकाच्या परवानगीशिवाय चालणाऱ्या वापरात, बसू शकतं. मात्र विडंबनाचा रोख मूळ कृतीवर हवा, आणि प्रत्येक प्रकरण वेगळं तोललं जातं. शिवाय ‘ट्विस्टेड’च्या चाली नव्यानं बांधलेल्या आहेत, उचललेल्या नाहीत. भाषा मात्र जागोजागी शिवराळ आहे. घरात धाकटी भावंडं असतील तर त्यांच्यासमोर लावू नका.

मुलीला अरबी गोष्टींतली ‘तीन सफरचंदं’ वाचून दाखवा. नदीतून वर काढलेल्या पेटीत एका तरुणीचं प्रेत सापडतं. तीन दिवसांत खुनी शोध, नाहीतर तुलाच फासावर चढवतो, असं खलिफा बजावतो. जाफरला सुचेनासं होतं, आणि तो तिन्ही दिवस घरात बसून राहतो. या बसून राहिलेल्या वजिराला अजून कोणी पद दिलेलं माझ्या ऐकण्यात नाही. तुमच्या मुलीला लिहावंसं वाटलं तर मला पाठवा, चाल मी लावून देईन.