पेशीच्या चिकटण्याचा खरा आकडा कोणता?

प्रश्न: मी जीवभौतिकीची विद्यार्थिनी आहे. एएफएमच्या, म्हणजे अतिसूक्ष्म बल मोजणाऱ्या अणुबल सूक्ष्मदर्शकाच्या, टोक नसलेल्या लवचीक पट्टीला एक जिवंत पेशी लावून ती फायब्रोनेक्टिन या पेशीबाहेरच्या प्रथिनाच्या थरावर टेकवते आणि ओढून काढते. ५ सेकंद टेकवली तर ०.४ नॅनोन्यूटन बल लागतं, २ मिनिटं टेकवली तर ३ नॅनोन्यूटन. यातला कोणता आकडा खरा? आणि ओढताना मिळणारा बल-अंतराचा आलेख शेवटी पायऱ्यापायऱ्यांनी का उतरतो?

उत्तर: दोन्ही खरे. लांबी किंवा वस्तुमान मोजावं तसं चिकटण्याचं बल मोजता येत नाही, कारण ते पेशीत आधीपासून साठवलेलं नसतं. तुम्ही पट्टी खाली टेकवल्यावर पेशी कामाला लागते. पेशीच्या पृष्ठभागावरचे इंटिग्रिन नावाचे पकड घेणारे रेणू एकेक करून फायब्रोनेक्टिनला धरतात, मग एका जागी गोळा होतात आणि आतल्या ॲक्टिन तंतूंच्या जाळ्याशी, म्हणजे पेशीच्या सांगाड्याशी, जोडले जातात. तुमच्या दोन आकड्यांमध्ये पेशीने या कामात घालवलेला वेळ दिसतो. मला तर या पद्धतीत हेच सर्वांत मोलाचं वाटतं. म्हणून बलाच्या आकड्याशेजारी टेकवण्याचा वेळ, दाबाचं बल, ओढण्याचा वेग आणि तापमान लिहिल्याशिवाय तो आकडा कुणालाही सांगू नका. वेगाचं महत्त्व विशेष आहे. अशा बंधांवर ताण झपाट्याने वाढवला, तर ते सहसा जास्त बलाला तुटतात.

आता पायऱ्या. त्या सगळ्या एका जातीच्या नसतात, आणि इथेच बरेच जण घाईने अर्थ लावतात. पायरीच्या आधी आलेखाला उतार असेल, म्हणजे बल वाढत जाऊन एकदम पडलं असेल, तर तो बंध आतल्या सांगाड्याशी जोडलेला होता आणि ताण येऊन तुटला असं मानता येतं. पायरीच्या आधी आलेख लांबवर सपाट असेल, तर पेशीपटलाची, म्हणजे पेशीच्या पातळ आवरणाची, एक बारीक नळी ओढली जात होती. नळी लांबली तरी बल जवळपास तेच राहतं. अशा पायरीची उंची नळी ओढायला लागणारं बल सांगते, टोकाच्या बंधाची ताकद नव्हे. दोन्ही पायऱ्यांची एकत्र सरासरी काढू नका.

एकाच रेणूचा बंध मोजायचा असेल, तर स्पर्श इतका अल्प ठेवा की बहुतेक वेळा काही चिकटणारच नाही. बेनोआ, गाउब आणि सहकाऱ्यांनी २००० साली डिक्टिओस्टेलियम या अमीबासारख्या जिवाच्या दोन पेशी अशाच क्षणभर भिडवल्या आणि एका चिकट प्रथिनासाठी सुमारे २३ पिकोन्यूटन (१ नॅनोन्यूटन म्हणजे १००० पिकोन्यूटन) बल मोजलं. तुमच्या ३ नॅनोन्यूटनच्या तुलनेत हे शंभर पटींहूनही कमी आहे.

तुमच्या २ मिनिटांच्या आकड्याबद्दल मात्र एक शंका आहे. पेशी पट्टीला कॉनकॅनॅव्हलिन-ए या पेशीला चिकटणाऱ्या प्रथिनाने धरली असेल, तर इतक्या वेळात खालची पकड वरच्या पकडीपेक्षा घट्ट होऊ शकते. मग पेशी पट्टीवरून सरकते किंवा सुटते, आणि आलेख पाहून ते कळेलच असं नाही. म्हणून प्रत्येक ओढीच्या वेळी खालच्या प्रकाशीय सूक्ष्मदर्शकातून पेशीवर नजर ठेवा. यापेक्षा लांबचा वेळ हवा असेल, तर पेशी शोषून धरणारी पोकळ पट्टी, म्हणजे फ्लुइडएफएम, वापरावी लागेल.

पट्टीचा स्प्रिंग-स्थिरांक, म्हणजे ती वाकवायला किती बल लागतं हे सांगणारा आकडा, खोक्यावरून घेऊ नका. तो बराच चुकीचा असू शकतो आणि ती चूक तुमच्या प्रत्येक बलात उतरते. औष्णिक थरथरीवरून प्रत्येक पट्टीचा स्थिरांक स्वतः काढा. दोन ओढींच्या मध्ये पेशीला सावरायला वेळ द्या, नाहीतर पुढचा आलेख थकलेल्या पेशीचा असतो.

आणि ही पकड इंटिग्रिनचीच आहे असं लिहिण्याआधी ईडीटीए हे धातूंचे आयन बांधून ठेवणारं रसायन घालून पाहा. कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे आयन बांधले गेले की इंटिग्रिनची पकड सैल पडते. त्यानंतरही बल ३ नॅनोन्यूटनच राहिलं, तर दुसरंच काहीतरी चिकटतं आहे, आणि आधी त्याचा शोध घ्यावा लागेल.