१८८० ते १९२० मध्ये अमेरिकेतली शहरं इतकी झपाट्याने कशी वाढली? बाहेरून आलेले लोक खरंच एकट्याच्या हिमतीवर उभे राहिले का?

कारखाने, रेल्वे, स्टील, शिकागोचे कत्तलखाने हे तुम्हाला माहीतच असणार. शिकागोत १८५० ला जेमतेम ३० हजार लोक होते, १८९० ला ११ लाख, १९१० ला जवळपास २२ लाख, आणि मधे १८७१ ला मोठी आग लागून शहराचा मधला भाग जळून गेला होता तरीही. पण तुम्ही ते 'एकट्याच्या हिमतीवर' लिहिलंय ना, मला त्यावरच बोलायचंय, कारण ह्याच शब्दावरून माझं मामाशी भांडण झालंय आणि ते अजून मिटलेलं नाही.

मामा १९७१ ला अमेरिकेत गेला, खिशात आठ डॉलर, तेव्हा सरकार तेवढेच न्यायला द्यायचं. ही गोष्ट आमच्याकडच्या प्रत्येक लग्नात ऐकलीय. मी त्याच्याकडे न्यू जर्सीला गेले होते तेव्हा आम्ही दोघं न्यूयॉर्कचं टेनेमेंट म्युझियम बघायला गेलो, ९७ ऑर्चर्ड स्ट्रीट. टेनेमेंट म्हणजे तिथली गरिबांची भाड्याची चाळच. १८६३ ची इमारत, १९३५ पर्यंत तिथे साधारण ७ हजार माणसं राहून गेली. एकेक बिऱ्हाड ३२५ स्क्वेअर फूट, त्यात तीन खोल्या, बाहेरची खिडकी एकाच खोलीला, संडास मागच्या अंगणात, मजल्यावर आला तो १९०५ च्या सुमारास. एका घरात खिडकीच्या खोलीत शिवणकाम चालायचं आणि मधल्या स्वयंपाकघरात कोळशाची शेगडी, तिच्यावरच कपड्यांच्या इस्त्र्या तापायच्या आणि तिच्यावरच घरचं जेवण.

त्या शेगडीसमोर मला परळची आजीची खोली दिसली. दहा बाय बारा. आजी गिरणीतल्या चौदा गाववाल्यांना जेवण घालायची, पाळीप्रमाणे पंगती, रातपाळीवाले जेवून आडवे झाले की त्यांच्या उशाशी बसून दुपारची भाजी निवडायची. मी म्हटलं, मामा, बघ, आजीची खानावळ! तर तो म्हणाला, "हे लोक वेगळे गं. ह्यांच्या मागे कोणी नव्हतं. माझ्यासारखे, एकट्याच्या हिमतीवर आलेले."

मला खरंच राग आला. एलिस आयलंडला, म्हणजे न्यूयॉर्क बंदरातल्या बेटावर, जिथे बाहेरून आलेल्यांची तपासणी व्हायची, तिथे उतरणाऱ्या प्रत्येकाची माहिती बोटीच्या यादीत भरलेली असायची आणि त्यात एक सरळ प्रश्न होता, तिकिटाचे पैसे कोणी भरले? आणि अजून एक, कोणा नातेवाइकाकडे चाललात का, त्याचा पत्ता काय? ह्या दुसऱ्या प्रश्नाला भाऊ, मेहुणा, काका अशीच उत्तरं बहुतेकांची. नोकरी आधीच ठरलीय असं सांगायची सोय नव्हती, १८८५ च्या कायद्याने करार करून मजूर आणायला बंदी होती, त्यामुळे माणूस जाणार तो ओळखीच्या पत्त्यावरच. म्हणून तर एकेका गावची माणसं एकेका गल्लीत सापडायची. राहायचे कुठे, तर कोणाच्या तरी घरात बोर्डर म्हणून, म्हणजे पैसे देऊन राहायचं-जेवायचं. पोलिश काय, इटालियन काय, घरची बाई चार-पाच परक्या बाप्यांचं जेवण करायची, कपडे धुवायची, अंगणातनं पाणी वर चढवायची, आणि जनगणनेवाला आला की तिच्या नावापुढे बहुतेक वेळा काम 'काही नाही'. कारखान्याला स्वस्तात मजूर मिळत होता कारण त्याला स्वस्तात जेवू घालणारी बाई होती. शहरं वाढली त्यातली अर्धी गोष्ट ही आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

सगळेच राहिले असंही नाही म्हणा, इटालियन तर पैसे साठवून मोठ्या संख्येने परत गेले. अमेरिकेतल्याच खेड्यांतूनही खूप लोक शहरात आले. न्यूयॉर्कचा १९०० चा आकडा एकदम उडी मारलेला दिसेल, ते १८९८ ला ब्रुकलिन, क्वीन्स वगैरे जोडल्यामुळे, फसू नका. आणि दार सगळ्यांना उघडं नव्हतं, चिनी मजुरांना १८८२ लाच बंद केलं, आपल्याला १९१७ ला. मामा गेला तो १९६५ च्या कायद्याने ते परत नीट उघडलं म्हणून, हेही तो कधी सांगत नाही.

अभ्यासासाठी विचारत असाल तर बोर्डर ठेवणाऱ्या बायकांबद्दल आधी वाचा, कारखान्यांचं नंतर. आणि घरातलं कोणी बाहेर गेलं असेल तर त्याला तो बोटीच्या यादीतला प्रश्न विचारा. मामाचं उत्तर माझ्याकडे आहे. गेल्या वर्षी कपाट आवरताना आजीची खानावळीची वही सापडली. १९७१ च्या एका पानावर महिन्याचे खाडे मांडलेत, कोणाकडून किती यायचे ते लिहिलंय, आणि खाली पेन्सिलीने, 'दोन पाटल्या मोडल्या. बाळूचं तिकीट.'