कॅन्सर संशोधनासाठी मॅरेथॉन धावून पैसे जमवायचे आहेत. सराव कसा करू, आणि लोकांना काय सांगू?

तुम्ही लिहिलंय की वय ३१, परभणीत बँकेत नोकरी, आजवर कधी धावला नाहीत. मागच्या वर्षी काका कॅन्सरनं गेले. आता येत्या जानेवारीत मुंबईला ४२ किलोमीटर धावून संशोधनासाठी निधी जमवायचा आहे. आणि शेवटी विचारलंय, "लोक म्हणतात एखाद्या गरीब पेशंटला पैसे दे, संशोधनाला कशाला? त्यांना काय सांगू?"

मी लातूरला शिक्षिका आहे, गेली काही वर्षं याच कामासाठी धावते. आधी तुमचा शेवटचा प्रश्न घेते. त्याचं उत्तर मनात पक्कं नसेल तर डिसेंबरच्या थंडीत पहाटे अंथरूण सुटत नाही.

सन २००० मध्ये मी अकरावीला होते. धाराशिव जिल्ह्यातल्या आमच्या गावात तेव्हा एक जीप यायला लागली. नर्सबाया घरोघर फिरून तिशीच्या पुढच्या बायकांची नावं लिहून घ्यायच्या, तपासणीला बोलवायच्या. अंगावरून जातं का, असं विचारलं की बाया पदर तोंडाला लावून आत निघून जायच्या. आई तेव्हा अडतीसची. दोनदा तिनं "रानात जायचंय" म्हणून टाळलं. तिसऱ्यांदा नर्सबाई काही न बोलता ओसरीवर तिच्या शेजारी बसली आणि सुपातली तूर निवडायला लागली. निवडता निवडताच तिनं सगळं समजावून सांगितलं. सूप रिकामं झालं तशी आई उठली, हातपाय धुतले, धुतलेलं पातळ नेसली आणि तिच्यासोबत गेली.

काही आठवड्यांनी निरोप आला की दोष निघालाय. कॅन्सर नव्हता, पण तसंच सोडलं असतं तर पुढं होऊ शकला असता, असा बदल गर्भाशयाच्या मुखाशी झालेला होता. ती जागा गोठवून टाकायचा उपचार झाला, थोड्याच वेळाचा. पंधरवड्यात आई खुरपायला गेली. आज तिनं साठी ओलांडली आहे. तपासणीचं कार्ड अजून ट्रंकेत, खताच्या पिशवीच्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवलेलं आहे.

आम्हाला तेव्हा एवढंच माहीत होतं की ती बार्शीच्या दवाखान्याची जीप. ते संशोधन होतं हे मला कळायला पंधरा वर्षं लागली. बार्शीचं नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल, मुंबईचं टाटा मेमोरियल आणि जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर संशोधन संस्था यांनी मिळून ते केलं. गावांचे ५२ समूह केले आणि ते चार गटांत वाटले, ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका त्यात घेतल्या. एका गटात एचपीव्ही या विषाणूची, म्हणजे ज्याच्यामुळं हा कॅन्सर होतो त्याची तपासणी, दुसऱ्यात पॅप टेस्ट, म्हणजे मुखावरच्या पेशी काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघणं, तिसऱ्यात व्हिनेगरसारखं पातळ अॅसिड लावून नुसत्या डोळ्यांनी बघणं. चौथ्या गटात तपासणी नाही, फक्त माहिती. या चौथ्या गटाबद्दल पुढं बरीच टीका झाली आणि तो प्रश्न मलाही सोपा वाटत नाही. आठ वर्षं पाठपुरावा झाला. एचपीव्ही तपासणी झालेल्या गटात या कॅन्सरनं ३४ मृत्यू, चौथ्या गटात ६४. हा चौथा गट आकारानं थोडा लहान असूनही. बाकीच्या दोन तपासण्यांनी मृत्यूंमध्ये म्हणावा तसा फरक पडला नाही. म्हणजे आयुष्यात एकदा केलेल्या एका तपासणीनं मृत्यू जवळजवळ निम्म्यावर येतात, हे आपल्या धाराशिवच्या बायकांनी जगाला दाखवून दिलं. २००९ साली ते न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापून आलं. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं याच तपासणीला पहिली पसंती दिली. त्यामागं जगभरातला पुरावा आहे, त्यात आपला वाटा मोठा.

आता पेशंटला की संशोधनाला? पेशंटला दिलेला रुपया वाया जात नाही, मीही देते. पण कोणती तपासणी खरी उपयोगाची, ती कोणत्या वयात करायची, खेड्यात कमी खर्चात कशी करायची, हे कुणीतरी शोधून काढल्याशिवाय दवाखान्याच्या दारातली रांग कमी होत नाही. आणि ज्ञान पोचलं नाही की काय होतं तेही आपण पाहिलंय. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांचा विषय गाजला. "पिशवी काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल" या भीतीपोटी तरण्या बायकांनी ऑपरेशनं करून घेतली होती. एक भरवशाची तपासणी आणि नीट समजावून सांगणारं माणूस मिळालं असतं, तर त्यातल्या कितीतरी जणींची पिशवी वाचली असती. तुमच्या लोकांना हे सांगा. बार्शीची कॅन्सर नोंदणी १९८७ पासून चालू आहे, ग्रामीण भागातली देशातली पहिली, आणि तिच्यात बार्शीबरोबर आपले भूम आणि परांडा तालुकेही येतात, हेही सांगा. संशोधन म्हटलं की लोकांना अमेरिका डोळ्यासमोर येते. ते आपल्या बांधावर झालेलं आहे.

कॅन्सर संशोधनासाठी धावणं जगात रुजवलं टेरी फॉक्स नावाच्या कॅनडाच्या पोरानं. हाडाच्या कॅन्सरनं उजवा पाय गेलेला, कृत्रिम पायावर १९८० मध्ये तो रोज जवळजवळ एक मॅरेथॉन याप्रमाणे १४३ दिवस धावला, ५,३७३ किलोमीटर. मग आजार फुप्फुसात पसरला आणि थांबावं लागलं. पुढच्या वर्षी जूनमध्ये तो गेला, वय बावीस. त्यानं मागितलेले पैसे संशोधनासाठीच होते.

आता सराव.

पहिलं म्हणजे या जानेवारीत ४२ नको, २१ करा. तुम्हाला हिरमुसायला होईल, पण मी हे जबाबदारीनं सांगते. आता जुलै चालू आहे. मुंबईची मॅरेथॉन जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते, म्हणजे हातात सहा महिने. श्वास तेवढ्यात तयार होतो. हाडं, नडगी, घोट्यामागची शीर यांना जास्त वेळ लागतो. मी पहिल्या वर्षी चौथ्याच आठवड्यात उत्साहानं १४ किलोमीटर मारले. नडगी अशी धरली की पाच आठवडे जिना उतरताना कठड्याला धरावं लागलं. शिवाय मुंबईत फुल मॅरेथॉनच्या प्रवेशाला आधीच्या शर्यतीचं टायमिंग सर्टिफिकेट मागतात, फुल आणि हाफ दोन्हींचे नियम आयोजकांच्या वेबसाइटवर आत्ताच वाचून ठेवा. नोंदणी काही महिने आधी होते. उशीर झाला तर सराव करूनही घरी बसावं लागेल.

सुरू करण्याआधी बीपी, शुगर तपासून घ्या. घरात कुणाला कमी वयात हार्टचा त्रास झाला असेल तर ईसीजीही काढा आणि डॉक्टरांशी बोला.

मग पहिले सहा आठवडे आठवड्यातून तीन दिवस, अर्धा-पाऊण तास. तीन मिनिटं पळा, दोन मिनिटं चाला. वेग असा ठेवा की सोबतच्या माणसाशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. वाक्य तुटायला लागलं की वेग जास्त झाला. हे इतकं हळू वाटतं की लाज वाटते, रस्त्यावरची म्हातारी माणसं पुढं निघून जातात. जाऊ द्या. ऑगस्टअखेर सलग पाच किलोमीटर जमलं की पुरे. तिथून पुढं फक्त रविवारचं अंतर दर आठवड्याला एखाद्या किलोमीटरनं वाढवा आणि दर चौथ्या आठवड्यात मुद्दाम कमी करा. नोव्हेंबरअखेर चौदा-पंधरा, डिसेंबरच्या शेवटाला अठरा, मग उरलेले आठवडे उतरता सराव. अठरा झालेल्या माणसाला शर्यतीच्या दिवशी एकवीस होतात. आठवड्यातून दोनदा उठाबशा आणि पायरीवर उभं राहून टाचा वर-खाली करणं, दहा मिनिटं. कंटाळवाणं आहे, पण माझी नडगी त्यानंच सुधारली.

परभणीत तुमच्याकडं कृषी विद्यापीठाचा परिसर आहे, तिथंच पळा. मोठ्या रस्त्यावर नोव्हेंबरपासून उसाच्या ट्रॉल्या सुरू होतात. मागं ना लाइट ना रिफ्लेक्टर, आणि पहाटेच्या अंधारात ड्रायव्हरलाही झोप आलेली असते. आमचा ग्रुप रविवारी बार्शी रोडला जातो तेव्हा सगळे चमकणारं जाकीट घालतो आणि समोरून येणारी वाहनं दिसतील अशा बाजूनं पळतो. पावसात काळ्या मातीच्या कच्च्या वाटेला जाऊ नका. बुटाला किलोभर माती चिकटते आणि घोटा मुरगळतो. बूट नेहमीच्या मापापेक्षा अर्धा नंबर मोठा घ्या, नाहीतर लांबच्या पळण्यात अंगठ्याची नखं काळी पडतात. मांड्या आणि काखेत व्हॅसलीन लावायला विसरू नका.

खाण्याचं फार मनावर घेऊ नका. लांब पळायच्या आदल्या रात्री भाकरी, ठेचा, शेंगांची चटणी टाळा. पोट सकाळी साथ देत नाही. वरण-भात, दहीभात बरा. तासाभराच्या पुढचं पळणं असेल तर खिशात खजूर किंवा गुळाचे खडे ठेवा. महागड्या जेलच्या पाकिटांवाचून माझं अडलेलं नाही. नुसतं पाणी भसाभस पिऊ नका, त्यानं रक्तातलं मीठ उतरतं आणि ते घाम गाळण्यापेक्षा धोकादायक ठरू शकतं. लिंबू-मीठ-साखरेचं पाणी किंवा ओआरएस तहानेप्रमाणे घोट घोट घ्या.

एक गोष्ट आपल्या भागातल्या लोकांना मुंबईत चकवते. डिसेंबरात परभणीचा पारा दहाच्या खाली जातो, हवा कोरडी, घाम येतो तसा वाळतो. मुंबईत जानेवारीतही दमट असतं, घाम अंगावरच राहतो आणि ओळखीचा वेग जड वाटायला लागतो. शेवटच्या तीन-चार आठवड्यांत एखादा सराव पहाटेऐवजी सकाळी साडेआठ-नऊला करा. आणि पुढच्या वर्षी फुलला उतराल तेव्हा त्या वर्षीचा मार्ग आधी बघून ठेवा, पेडर रोडचा चढ परतीच्या वाटेवर असला तर तो पाय संपलेले असताना येतो.

आता पैसे मागणं. मला हे पळण्यापेक्षा अवघड गेलं.

पहिल्यांदा मी व्हॉट्सअॅपवर दोनशे लोकांना "कॅन्सर संशोधनासाठी मदत करा" असा मेसेज पाठवला. तिघांनी पैसे दिले, बाकीच्यांनी हात जोडलेले चित्र पाठवलं. मग वाटलं, आईची गोष्ट सांगावी. पण ती तिची गोष्ट, तीही अशा आजाराची की आमच्याकडं बायका सख्ख्या बहिणीलाही सांगत नाहीत. तिला विचारलं. ती दोन दिवस काही बोलली नाही. तिसऱ्या दिवशी चुलीपुढं बसल्या बसल्या म्हणाली, "सांग. ती जीप काय पाण्यावर चालत होती का? कुणीतरी पैसे दिलेच असतील की." दिलेच होते, त्या अभ्यासाला गेट्स फाउंडेशनचा निधी होता. आमच्या ओसरीपर्यंत आलेलं डिझेल कुणीतरी ओळखदेख नसताना भरलं होतं.

त्यानंतर मी मेसेज बंद केले आणि माणसांकडं गेले. स्टाफरूममध्ये, बचत गटाच्या बैठकीत, मावशीच्या गावी. गर्भाशयमुखाचा कॅन्सर हा शब्द मोठ्यानं उच्चारला. पहिल्या वेळी माझा आवाज कापला. बैठक संपल्यावर दोघी मागं थांबल्या आणि तपासणी कुठं होते ते विचारलं. एकीनं वीस रुपये दिले. ते वीस रुपये मी वहीत पहिल्या ओळीवर लिहिले.

तुम्हीही काकांबद्दल बोला, पण काकूंना विचारून. वेळही बघा. जुलै-ऑगस्टमध्ये शेतकऱ्याच्या हातात पैसा नसतो, सगळा बी-खतात गेलेला असतो. तेव्हा फक्त सांगून ठेवा. सोयाबीन विकलं की ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये वही घेऊन जा. सप्ताहाची, जयंतीची वर्गणी द्यायची सवय आपल्या लोकांना आहे. नाव वहीत लागलं आणि हिशोब वाचून दाखवला की माणूस पुढच्या वर्षी बोलावून देतो.

पैसे स्वतःच्या खात्यावर अजिबात घेऊ नका. बँकेतले आहात, तुम्हाला मी काय सांगायचं, पण भावनेच्या भरात चांगल्या माणसांकडूनही हे होतं. देणाऱ्यानं थेट संस्थेच्या खात्यात भरावं, पावती त्याच्या नावानं यावी. वीस-पन्नास रोख येतीलच. ते त्याच आठवड्यात भरा आणि पावतीचा फोटो ग्रुपवर टाका. संस्थेला ८०जी, म्हणजे देणगीदाराला करसवलत मिळवून देणारी मान्यता, आहे का ते बघा. दोन हजारांच्या वर रोख दिलं तर ती करसवलत मिळत नाही, आणि नवी करप्रणाली घेतलेल्याला ८०जीचा फायदा नाही, हे आधीच सांगून टाका. सगळ्यात महत्त्वाचं, पैसा संशोधनाला जाणार की उपचाराला की इमारतीला, हे संस्थेकडून लेखी घ्या. ज्याच्यासाठी मागितलं त्याच्यासाठीच गेलं पाहिजे. प्रवासाचा, बुटांचा, नोंदणीचा खर्च स्वतःच्या खिशातून करा आणि तसं पहिल्याच पानावर लिहून ठेवा.

वही आजच आणा. आणि उद्या पहाटे तीन मिनिटं पळा, दोन मिनिटं चाला, असं सहा वेळा. महिन्याभरानं इथंच कळवा, नडगी दुखते का आणि काकू काय म्हणाल्या.