लॅटिन विशेषणं: सुरुवात ‘नोवुस’पासून करा

लॅटिन विशेषणांची रूपं पाठ करायची म्हणून तुम्ही घाबरला असाल, पण मराठी माणसाचं निम्मं काम आधीच झालेलं असतं. ‘नोवुस’ म्हणजे नवा. संस्कृत ‘नव’ आणि हा शब्द एकाच आद्य भारोपीय (म्हणजे दोन्ही भाषांच्या पूर्वज भाषेतल्या) मुळातून आले आहेत. शिवाय नवा-नवी-नवं तसंच नोवुस-नोवा-नोवुम. इंग्रजीवाल्यांना हे पहिल्यापासून शिकावं लागतं!

चुका मात्र ठरलेल्या. पहिली, मराठीतलं लिंग तिकडे नेणं. पुस्तक आपल्याकडे नपुंसकलिंगी, पण ‘लिबेर’ पुल्लिंगी, म्हणून ‘लिबेर नोवुस’. दुसरी चूक जवळजवळ सगळेच करतात, ती म्हणजे यमक जुळवणं. ‘नाउता’ म्हणजे खलाशी. शेवटी आ दिसला की हात आपोआप ‘नोवा’ लिहितो. पण शब्द पुल्लिंगी आहे, म्हणून ‘नाउता नोवुस’. जुळतं ते लिंग, वचन आणि विभक्ती. शेवटचा आवाज जुळेलच असं नाही.

आपल्याकडे ‘नव्या’ म्हटलं की बऱ्याच विभक्त्या भागतात. लॅटिनमध्ये नोवी, नोवो, नोवुम असं बदलत राहतं. म्हणून नाम आणि विशेषण जोडीनेच, मोठ्याने म्हणा. ‘नोवुस होमो’, म्हणजे ‘नवा माणूस’, घ्या. घराण्यात आधी कुणी कॉन्सुल (रोमन प्रजासत्ताकातलं सर्वोच्च नियमित पद) नसताना इ.स.पू. ६३ मध्ये ते पद भूषवणाऱ्या सिसेरो या वक्त्याला रोमन हेच म्हणत. तृतीय गणाची, म्हणजे ‘नोवुस’पेक्षा वेगळी चालणारी, विशेषणं आत्ता उघडूच नका.