वाचक विचारतात : टॉर्नेडोवर लिहायचंय, पण खात्रीची माहिती आणि फुकट फोटो आणायचे कुठून?

प्रश्न : आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकासाठी मी अमेरिकेतल्या मिसुरी राज्यातल्या जॉप्लिन शहरात झालेल्या टॉर्नेडोवर लिहितेय. मी मिसुरीतच राहते, इथे अजून लोक त्या दिवसाबद्दल बोलतात. पण नेटवर बघावं तर मृतांचा आकडा कुठे 116, कुठे 158, कुठे 161, वेळसुद्धा प्रत्येक ठिकाणी वेगळी. फोटो ढिगाने आहेत पण संपादक म्हणतात कॉपीराइटवाला एकही नको, अंक ऑनलाइन टाकायचाय. काय करू?
— एक वाचक, मिसुरी

उत्तर : ताई, गंमत म्हणजे तुमचे तिन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर आहेत. टॉर्नेडो आला रविवारी, 22 मे 2011 ला संध्याकाळी. 116 हा दुसऱ्या दिवशीचा आकडा, तेव्हा ढिगारे उपसणं चालूच होतं. 158 म्हणजे थेट टॉर्नेडोने गेलेले, हा नॅशनल वेदर सर्व्हिसचा (अमेरिकेचं सरकारी हवामान खातं), आणि 161 मध्ये अप्रत्यक्ष कारणाने गेलेले पण धरलेत, तो निस्ट या सरकारी संस्थेच्या चौकशी अहवालात आहे. त्यामुळे लेखात नुसता आकडा टाकू नका, कोणाचा आणि कधीचा तेही अर्ध्या वाक्यात सांगा, म्हणजे कोणी भांडायला येणार नाही.

वेळेचं पण तसंच. जमिनीला टेकला तो तिथल्या घड्याळात 5:34 ला. पण सरकारचा स्टॉर्म इव्हेंट्स नावाचा डेटाबेस आहे (1950 पासूनच्या नोंदी, सगळं फुकट), तो वर्षभर स्टँडर्ड टाइमच धरतो, उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे केलेलं तो मानतच नाही, म्हणून तिथे 4:34 दिसणार. रडारच्या चित्रांवर यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ असते, ती तिथल्या घड्याळाच्या 5 तास पुढे, म्हणून 22:34. त्याच डेटाबेसची अजून एक खोड, एकच टॉर्नेडो काउंटीप्रमाणे (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं) तोडून लिहितात, म्हणजे जॅस्परची नोंद वेगळी, न्यूटनची वेगळी, आणि एकीचीच लांबी उचलली की 22 मैलांचा मार्ग एकदम आखूड होऊन बसतो.

वाचायचं कुठून म्हणाल तर आधी वेदर सर्व्हिसच्या स्प्रिंगफील्ड ऑफिसचं पान, मग त्यांचाच 2011 चा सर्व्हिस असेसमेंट, म्हणजे स्वतःच्या कामाचा आढावा, इशारा 5:17 ला दिलेला असूनही बरेच लोक लगेच आडोशाला का गेले नाहीत ते त्यात फार नीट मांडलंय. मग निस्टचा 2014 चा जाडजूड रिपोर्ट, सेंट जॉन्स हॉस्पिटलचं काय झालं त्यासाठी तोच. माणसांच्या गोष्टींसाठी मात्र लोकल पेपरच हवा, सरकारी कागदात माणूस सापडत नाही. आणि विकिपीडियावर थांबायचं नाही, तिथल्या तळटिपांवरून मूळ कागदापर्यंत जायचं.

एक जागा सांभाळा. जॉप्लिनचा टॉर्नेडो ईएफ-5 धरतात, ही टॉर्नेडोच्या जोराची सगळ्यात वरची पायरी, म्हणजे ताशी 200 मैलांच्या वर वारा, पण तो कोणी यंत्राने मोजलेला नाही, पडझड बघून काढलेला अंदाज आहे. नंतर इंजिनियर लोकांनी पडक्या घरांची पाहणी केली तेव्हा बहुतेक नुकसान त्याहून बऱ्याच कमी वेगात होऊ शकतं असं त्यांचं म्हणणं पडलं. म्हणून 'वारा मोजला गेला' असं लिहू नका, 'अंदाजला गेला' लिहा.

आता फोटो. अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याने ड्युटीवर काढलेल्या फोटोला तिथे कॉपीराइट नसतो, आणि हा तुमचा खजिना. फेमा या केंद्र सरकारच्या आपत्ती संस्थेचे जॉप्लिनचे फोटो आहेत, ढिगारे उपसणाऱ्या आर्मी कोअर ऑफ इंजिनियर्सचे आहेत, ओबामा 29 मे ला तिथे गेले त्याचे व्हाइट हाउसचे आहेत. पण मेख अशी की सरकारी साइटवर आहे म्हणजे सरकारी फोटो असं नाही! वेदर सर्व्हिसच्या पानांवर गावातल्या लोकांनी पाठवलेले फोटो पण असतात, ते ज्याने काढले त्याचेच, तेव्हा खालचं क्रेडिट वाचल्याशिवाय हात लावू नका. शहराच्या आणि राज्याच्या सरकारला हा नियम लागू नाही. विकिमीडिया कॉमन्सवर (विकिपीडियाचं फोटोंचं भांडार) मिळाला तरी फाइलचं पान उघडून मूळ कुठला, काढला कोणी ते बघा. फ्लिकरवर तर लोक दुसऱ्याचा फोटो आपला म्हणून बिनधास्त टाकतात, फोटोवरून मूळ शोधून देणाऱ्या टिनआय किंवा गूगल लेन्समधून एकदा काढा. क्रिएटिव्ह कॉमन्स म्हणजे फोटो काढणाऱ्याने आधीच देऊन ठेवलेली परवानगी, त्यात बीवाय (नाव द्या) आणि बीवाय-एसए (नाव द्या, बदल केला तर तोही त्याच अटींवर) चालतील. एनसी (धंद्यासाठी नको) असेल आणि अंकात जाहिराती असतील तर सोडा, एनडी (बदल नको) असेल तर कातरून मांडता येत नाही. गूगल अर्थचा स्क्रीनशॉट पण नको, त्यापेक्षा लँडसॅट या अमेरिकी सरकारी उपग्रहाचं चित्र घ्या, ते मोकळं आहे.

खोटा फोटो ओळखायची एक खूण जॉप्लिनपुरती सांगतो. हा टॉर्नेडो पावसाच्या पडद्यात गुंडाळलेला होता, बऱ्याच जणांना समोर आला तरी दिसलाच नाही. मग निळं आभाळ आणि मधोमध सुबक सोंड असा 'जॉप्लिनचा फोटो' कोणी पाठवला तर तो दुसरीकडचा नाहीतर एआयचा. आणि हौस असेल तर स्प्रिंगफील्डच्या रडारचा जुना डेटा नोआच्या (वेदर सर्व्हिस ज्या सरकारी संस्थेत येते ती) वेदर अँड क्लायमेट टूलकिटमध्ये टाकून स्वतःच चित्र बनवा, सॉफ्टवेअर फुकट आहे, कोणाची परवानगी मागायची भानगडच नाही. जखमी माणसांचे चेहरे मात्र कायद्याने चालत असले तरी मी छापणार नाही, दिवाळी अंकात तर नाहीच.

प्रश्न : भारतातल्या टॉर्नेडोवर लिहायचं तर? दिल्लीत 1978 ला झालेला म्हणे.
— एक वाचक, पुणे

उत्तर : झालेला, 17 मार्च 1978 ला, दिल्ली विद्यापीठाच्या भागात, 28 जण गेले. माहितीसाठी हवामान खात्याचं 'मौसम' हे जर्नल बघा, जुने अंक ऑनलाइन फुकट आहेत, फक्त त्या काळी त्याचं नाव वेगळं होतं, तेव्हा नावावर अडकू नका, वर्षावरून शोधा. फोटोंचं अवघड आहे. आपल्याकडे सरकारी फोटो आपोआप मोकळा होत नाही, छापल्यापासून 60 वर्षं कॉपीराइट, म्हणजे 1978 ला छापलेला 2038 संपेपर्यंत बंदच. पेपरकडून लेखी परवानगी मिळाली तर उत्तम, नाहीतर ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या मोकळ्या नकाशावर मार्ग आखून नकाशा छापा आणि खाली 'ओपनस्ट्रीटमॅपचे योगदानकर्ते' असं श्रेय द्या.