अग्निपथसारख्या भरती धोरणाचा परिणाम संगणकावर आधी कसा तपासतात?

सेवेच्या वर्षांनुसार जवानांचे कप्पे करायचे आणि दर महिन्याला भरती, गळती (मध्येच सेवा सोडणारे), बढती व निवृत्ती पुढे सरकवायची. २०२२ च्या अग्निपथ योजनेत सेवा ४ वर्षांची, त्यानंतर जास्तीत जास्त २५% जवान किमान आणखी १५ वर्षांसाठी कायम.

गळती शून्य धरून दरवर्षी १०० जण घ्या. स्थिरावल्यावर अग्निवीर ४०० आणि कायम झालेले ३७५, एकूण ७७५. तुलनेसाठी जुन्या पद्धतीची सेवा १७ वर्षांची धरली, तर हेच संख्याबळ वर्षाला सुमारे ४६ भरतींवर टिकते. म्हणजे प्रशिक्षण केंद्रांवरचा भार दुपटीहून जास्त! प्रशिक्षण सहा महिन्यांचे धरले, तर ७७५ पैकी ५० जण कायम प्रशिक्षणातच असतात.

खरी चूक सरासरीत होते. २५% सगळ्या सैन्यावर सरसकट लावले की रडार तंत्रज्ञांसारख्या छोट्या ट्रेडमधली (कामाच्या शाखेतली) टंचाई दिसतच नाही. तिथे एकेक जवान स्वतंत्र धरून यादृच्छिक गळतीसह शेकडो फेऱ्या चालवा आणि सरासरीऐवजी सर्वात वाईट १०% निकाल बघा. बढती ठरावीक टक्क्यांनी देऊ नका, वरची जागा रिकामी झाली तरच द्या. नाहीतर हवालदार मंजूर पदांपेक्षा जास्त होतात.

कोविडकाळात लष्कराची भरती थांबली होती. ती पोकळी सुरुवातीच्या आकड्यांत हवीच, कारण ती दरवर्षी एक कप्पा पुढे सरकते.