‘पैसे दिले, आता चित्र माझं’

प्रश्न : माझी मुलगी २३ वर्षांची. कला शाखेची पदवी घेतल्यापासून घरूनच काम करते : आंब्याच्या पेट्यांवरची चित्रं, कोकम-काजूच्या पाकिटांची लेबलं, होमस्टेचे लोगो. देवगडच्या एका ओळखीच्या बागायतदाराला तिनं पेटीसाठी चित्र रंगवून दिलं. ६,००० रुपये तोंडी ठरले होते. निम्मे मिळाले, बाकीचे ‘वाशीची पट्टी (बाजारातल्या दलालाकडून येणारा विक्रीचा हिशेब आणि पैसे) आली की देतो’ म्हणून राहिले. आता तेच चित्र पल्पच्या डब्यांवरही आलंय. विचारलं तर म्हणतात, ‘पैसे दिले, आता चित्र माझं.’ ओळखीच्या माणसाशी वाद तरी कसा घालणार? तिला बँकेच्या परीक्षेला बसवू का?
– एक पालक, मालवण

उत्तर : नमस्कार. तिला मनापासून बँकेत जायचं असेल तर परीक्षा जरूर द्यावी, पण या प्रकरणाला कंटाळून नको. घरबसल्या तीन प्रकारची कामं येतात म्हणजे हात चांगला आहे आणि गिऱ्हाईकही आहे. कागद तेवढा नाही.

बागायतदाराचं म्हणणं ऐकून तुम्हाला वाईट वाटणं साहजिक आहे, पण कायद्यात ते अगदीच निराधार नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार कलाकृतीचा पहिला मालक ती करणारा. मात्र फोटो, पेंटिंग किंवा पोर्ट्रेट कुणाच्या सांगण्यावरून मोबदला घेऊन केलं आणि वेगळं काही ठरलेलं नसलं, तर मालकी काम सांगणाऱ्याची होते. चित्र हातानं रंगवलेलं असल्यामुळे तुमच्या मुलीची बाजू इथं कमजोर पडते. होमस्टेच्या लोगोचं तसं नाही. तिनं सहीनिशी लिहून दिल्याशिवाय तो हक्क गिऱ्हाईकाकडे जात नाही, आणि लिहून देताना मुदत घातली नसेल तर तो ५ वर्षांपुरताच धरला जातो. आपण कुठलं काम करतोय आणि त्यात काय विकतोय, हे तिला आधी ठाऊक हवं.

कागद मराठीतच करा, एका पानाचा. त्यात अशी वाक्यं हवीत : ‘चित्राची मालकी चित्रकाराकडे राहील. बागायतदारास ते फक्त आंब्याच्या पेटीवर, तीन हंगाम वापरता येईल. डबे, कपडे, फलक यांसाठी वेगळा दर. दोन दुरुस्त्या ठरलेल्या रकमेत, पुढच्या प्रत्येक दुरुस्तीस ५०० रुपये. निम्मी रक्कम कामाआधी, उरलेली छपाईची फाइल देण्याआधी.’ आकडे तिनं आपल्या कामाप्रमाणे बदलावेत. मालकीचं वाक्य मात्र गाळू नये. पैसे पूर्ण येईपर्यंत नमुना म्हणून फक्त कमी रिझोल्यूशनची, वर नाव टाकलेली प्रत पाठवावी.

‘पट्टी आली की देतो’ हे तर मुळीच मान्य करू नका. दलालाकडून पट्टी कधी येणार, भाव काय लागणार, यातलं काहीच तिच्या हातात नाही. मोहोर गळला तर तो तोटा चित्रकारानं का सोसायचा?

ओळखीच्या माणसापुढे कागद ठेवायला संकोच वाटतो, हे मला कळतं. पण हेच बागायतदार आपली बाग कराराने देताना विसार घेतल्याशिवाय झाडाला हात लावू देत नाहीत, आणि त्यात कुणाचा अपमान होत नाही. मुलीनं दर सांगतानाच कागद पुढे करावा. काम अर्धं झाल्यावर काढलेला कागद अविश्वासाचा वाटतो, सुरुवातीला दिलेला नेहमीच्या व्यवहारातला. स्टॅम्प पेपरसाठी अडून बसू नका. गिऱ्हाईक मुंबईत असेल तर व्हॉट्सॲपवर मजकूर पाठवून ‘मान्य’ असं लेखी उत्तर घेतलं तरी पुरावा होतो. मालकी कायमची द्यायची असेल तेव्हा मात्र सही हवीच.

आणखी एक काम याच आठवड्यात करा : उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी. ती ऑनलाइन आणि मोफत होते. त्यासाठी पैसे मागणाऱ्या संकेतस्थळांपासून सावध राहा. २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग) कायद्याप्रमाणे नोंदणी असलेल्या सूक्ष्म उद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दरानं, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. नोंदणी कामाआधीची असावी, म्हणून जुन्या थकलेल्या पैशांसाठी तिच्यावर विसंबू नका.

ते जुने ३,००० रुपये बुडाले असं समजू नका. तोंडी करारही करारच असतो आणि वसुलीच्या दाव्याला साधारण ३ वर्षांची मुदत असते. मुलीनं स्वतः, शांतपणे, एक संदेश पाठवावा : काम काय होतं, किती ठरले, किती मिळाले, किती राहिले, कुठल्या तारखेपर्यंत हवेत. मिळालेल्या पैशांची नोंद आणि जुने संदेश जपून ठेवा. पल्पच्या डब्यांचा विषय त्या संदेशात काढू नका. तो आधी वकिलाला दाखवा. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर मदत मिळते; ओरोसच्या जिल्हा न्यायालयात चौकशी करा. जाताना पेटीचा आणि डब्याचा फोटो सोबत न्या, आणि बोलू द्या तिलाच.